पायाळूचा इलाज

दिव्यानी पडली तेव्हा शिरीनच्या अंगावर शाल होती आणि हातात नारळ.

आता सांगा, खेळात कोणाला लागलं-खुपलं तर पाहायला बोलावलेल्या बाईच्या हातात नारळ कशाला? पण गावाला हे कोण सांगणार! मंडई होती, म्हणजे धानकापणीनंतरची गावची जत्रा. रात्री नाटक, दिवसा मुलींच्या फुटबॉलचे सामने. धान कापून मोकळ्या झालेल्या बांध्यांचे, म्हणजे भातखाचरांचे, धुरे फोडून, मधले बांध सपाट करून मैदान केलं होतं, बांबूचे गोलपोस्ट रोवून त्यांना मासे धरायच्या जाळ्या बांधल्या होत्या. शिरीनने मूलहून, तालुक्याच्या गावाहून, निघतानाच फोनवर सांगितलं होतं, "मले रेषेजवळ एक खुर्ची द्या, बाकी काई नको." आल्यावर तिला मंडपात नेऊन पाहुण्यांच्या सोफ्यावर बसवलं. डॉक्टरीणबाईला उन्हात कसं बसवायचं? ती फिजिओथेरपिस्ट होती, राइस मिलच्या रस्त्यावर तिचा लहानसा दवाखाना होता. पण गावाच्या लेखी पांढरा कोट म्हणजे डॉक्टरीण, आणि डॉक्टरीण म्हणजे सत्कार. सेमीफायनल संपत आली असताना माइकवाल्याने तिचं नाव पुकारलं.

खांद्यावर शाल पडत होती, नजर मात्र मैदानावर होती, म्हणून तिला दिसलं. गावच्या टीममधली दिव्यानी बॉल घेऊन सुसाट निघाली होती. समोरच्या पोरीला चकवायला ती झपकन डावीकडे वळली. अंग वळलं आणि पाय जमिनीतच राहिला. गुडघा आतल्या बाजूला गेला आणि ती मटकन खाली बसली. जवळपास कोणी नव्हतं, कोणाचा धक्का नाही, कोणाची लाथ नाही. धक्का लागून पडली असती तर एवढी भीती नव्हती.

ती निघाली तर माइकवाला म्हणाला, "मॅडम, एक मिनिट, फोटो."

"फोटो गेला खड्ड्यात!" शिरीन म्हणाली. माइक तोंडाशीच होता, त्यामुळे सगळ्या गावाने ऐकलं.

नारळ सोफ्यावर टाकून ती धसकटांतून धावली. पण हरिदास सर तिच्या आधी पोचले होते. हे शाळेतले पी.टी.चे मास्तर. पोरींची टीम यांनीच उभी केली, घरोघरी जाऊन आईबापांच्या मिनतवाऱ्या करून पोरी मैदानावर आणल्या, हे सगळं खरं. माणूस सोन्यासारखा. पण सोन्यासारख्या माणसाच्या हातात थंड फवाऱ्याचा डबा आला की तो स्वतःला सर्जन समजतो. सरांनी फवारा मारला होता, मलम रगडलं होतं, तंगडी धरून दोनदा ओढली होती, आणि आता पोरीला उभी करून "कूद, कूद बरं" म्हणत होते.

"सर, हात काढा! तिले खाली बसवा!"

"काई नाई मॅडम, लचक हाये साधी. आपली पोट्टी वाघीण हाये."

दिव्यानी एका पायावर उभी होती, ओठ दातांखाली दाबून. शिरीनने तिला खाली बसवलं, गुडघ्याला हात लावला, तेवढ्यात शिट्टी झाली. गाव जिंकलं होतं. जिंकलं म्हटल्यावर पोरं मैदानात घुसली, ढोल घुसला, आणि कोणीतरी दिव्यानीला खांद्यावर उचललं. शिरीन मागे ओरडत धावते आहे, पुढे वरात चालली आहे, आणि वरातीतल्या नवरीचा गुडघा खाली लोंबतो आहे! कपाळावर हात मारून घ्यावा की त्या ढोलवाल्याच्या डोक्यात ढोल घालावा, हे तिला कळेना.

गुडघा पडल्या पडल्या तपासायचा असतो. थोडा वेळ गेला की सूज चढते, मांडी दुखण्याच्या भीतीने आखडते, आणि मग गुडघा खोटं बोलायला लागतो. आतलं सगळं फाटलं असलं तरी हाताला घट्ट लागतो, आणि तपासणारा म्हणतो, काही नाही झालं. हे शिरीनला ठाऊक होतं, म्हणून तर तिला रेषेजवळ खुर्ची हवी होती. पण पालथ्या घड्यावर किती पाणी ओतायचं?

अंगणवाडीच्या खोलीत दोन बाकं जोडून तिने दिव्यानीला आडवं केलं. खोलीत अर्धं गाव. कोणी म्हणे हळद-चुना लावा, कोणी म्हणे एरंडाचं पान बांधा, कोणी म्हणे हिचा मामाही असाच पडला होता, पण तो दारू पिऊन. फायनल चार वाजता होती, आणि हरिदास सर दारात उभे राहून दर दोन मिनिटांनी विचारत होते, "खेळन ना?"

शिरीनने गुडघा हातात घेतला. मांडी दगडासारखी. नडगी ओढून पाहिली, हलेना. "सैल सोड, बाई," ती दोनदा म्हणाली. पोरीला सैल सोडता येईना. मग शिरीनचं लक्ष गेलं. दिव्यानी दोन्ही हातांनी आपली हाफपँट गुडघ्याकडे ओढत होती. एवढे बाप्ये भोवती उभे, आणि त्यांच्यासमोर उघडी मांडी. मैदानावर पळताना कोणाचं लक्ष नसतं, आडवं पडल्यावर सगळ्यांचं असतं. ती मांडी आखडणार नाही तर काय करणार!

"बाहेर!" शिरीन कडाडली. "सगळे बाहेर! सर, तुम्हीबी. बापूजीभाऊ, तुम्हीबी चला."

बापूजी म्हणजे दिव्यानीचे वडील, उंचेपुरे, अबोल शेतकरी. ते जागचे हलले नाहीत. "मी बाप हाये तिचा."

"म्हणूनच म्हणते, भाऊ. तुमच्यासमोर ती रडत नाई. अन् रडल्याबिगर ती सैल होत नाई."

बापूजी गेले. भागीरथा आजी तेवढी राहिली. तिने काही न सांगता नातीचं डोकं मांडीवर घेतलं आणि कपाळावरून हात फिरवू लागली. दार लागलं, आणि पोरगी रडली. मोठ्याने नाही, नुसत्या डोळ्यांनी. हळूहळू मांडी मऊ झाली.

"आवाज आला होता का गं?"

दिव्यानीने आजीकडे पाहिलं. "कट्‌ असा. मले वाटलं कोनाच्या पायाखाली काडी मोडली."

शिरीनने आधी चांगला गुडघा तपासला. किंचित वाकवून, एका हाताने मांडी धरून, दुसऱ्या हाताने नडगी पुढे ओढली. चांगल्या गुडघ्यात नडगी जराशी सरकते आणि दाव्याला बांधलेल्या बैलासारखी टक्‌कन थांबते. थांबली. मग दुखऱ्या गुडघ्याची पाळी. तिने डोळे मिटले, कारण हे हातांनीच पाहायचं असतं. नडगी सरकली, आणखी सरकली, आणि थांबलीच नाही. दावं तुटलं होतं. शिरीनने पुन्हा एकदा पाहिलं, आपलं चुकत असेल तर बरं, असं मनात म्हणत. चुकत नव्हतं.

"खरं सांगा, मॅडम," दिव्यानी म्हणाली.

"आतली दोरी तुटली. एमआरआय काढल्यावर पक्कं होईन, पण माझ्या हाताले तसंच लागून राह्यलं."

"अन् भरती?"

हाच तो प्रश्न. दिव्यानी फुटबॉल खेळायची ती दम वाढावा म्हणून. खरी तयारी पोलीस भरतीची होती. पहाटे डांबरी रस्त्यावर पळायची, दुपारी वडिलांबरोबर बांधीत, संध्याकाळी पुस्तकं. मैदानी चाचणी दोन-तीन महिन्यांवर आली होती.

"ह्या सालचं मैदान गेलं," शिरीन म्हणाली. खोटं बोलून काय उपयोग होता? "पुढच्या सालचं आपल्या हातात हाये. आपरेशन, मंग व्यायाम, सगळं मी करून घेईन तुझ्याकडून. पण आज खेळली, नाईतर अशीच चालत-फिरत राह्यली, तं आतली गादीबी फाटन. मंग पुढचं सालबी गेलं, अन् त्याच्या पुढचंबी."

दिव्यानीने बाह्यांनी तोंड पुसलं. "मंग मी नाई खेळत. उघडा दार, मीच सांगते सगळ्याइले."

"तू पडून राह्य," शिरीन म्हणाली. "सांगणं माझं काम हाये. डॉक्टरचं ऐकतेत लोक."

ऐकतात! कुठून सुचलं तिला हे, देव जाणे.

बाहेर अंगणात तिने सगळं सांगितलं. दोरी, गादी, सूज, एमआरआय, चंद्रपूर. हातवारे करून, आपल्या दोन मुठी एकमेकांवर ठेवून, गुडघा आत कसा असतो ते दाखवून सांगितलं. लोकांनी शांतपणे ऐकलं. एकजण तर मान डोलवत होता. तिला वाटलं, समजलं बरं का यांना.

बापूजी पुढे आले. अदबीने म्हणाले, "बाई, ते सगळं बराबर हाये. पण तुम्ही पाय कव्हा लावता?"

शिरीनच्या अंगाचा तिळपापड झाला.

ती पायाळू होती. म्हणजे जन्मताना तिचं डोकं नाही, पाय आधी बाहेर आले होते. पायाळू माणसाने उसण भरलेल्या कमरेला पाय लावला की उसण पळते, हे आपल्याकडे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. मूलच्या घरी सकाळ झाली की ओट्यावर माणसं पालथी पडलेली असायची. हिंदू असो की मुसलमान, कंबर सगळ्यांचीच धरते. तिची अम्मी, आबिदा, झोपेतल्या पोरीला काखोटीला मारून आणायची आणि कोणाच्याही पाठीवर टेकवायची. लोक दुवा देऊन, मूठभर फुटाणे ठेवून जायचे. शिरीन मोठी झाली, नागपूरला शिकायला गेली, हाडं-स्नायू-शिरा पाठ करून करून डोळ्यांना चष्मा लागला. मग मूलला दवाखाना टाकला. पहिल्याच दिवशी पहिला पेशंट टेबलावर पालथा झाला आणि म्हणाला, "लावा, बाई." हातात तिने काय काय कमावलं होतं, आणि लोकांना हवा होता पाय!

"बापूजीभाऊ," ती दात आवळून म्हणाली, "पायानं तुटलेली दोरी जुळत नाई."

"तुमच्यानं जुळते, बाई. नाई कसं? माझ्या चुलतभावाची कंबर तुम्हीच उतरवली, तुम्ही तं तव्हा दुसरीत होत्या."

"ती दोन दिवसांनी आपोआप उतरली असती!"

"पण उतरली तं तुमच्या पायानं ना?"

हरिदास सरांनी घड्याळ पाहिलं. "मॅडम, वाद नका घालू. एकदा लावून टाका. मी पट्टी घट्ट बांधतो, फक्त पहिला हाफ खेळवतो. चारही गावचे लोक तिलेच पाह्यला आले."

"तुम्ही शिकलेले हा ना, सर?"

"शिकलेला हावो म्हणूनच म्हणतो. लावला तं तोटा काय?"

"नाई लावत मी! तिले आत्ता चंद्रपूरले न्यायचं हाये."

गर्दीत कुजबुज झाली. मोठी झाली मूलची, म्हणे. पाय लावायला कमीपणा वाटून राह्यला. एक म्हातारा म्हणाला, "नाई तं नाई. पल्याडच्या गावात एक गुराखी हाये, तोबी पायाळू. मोटरसायकल पाठवा, अर्ध्या घंट्यात येईन. त्याचा तं पाय असा पडते का पायलीभर धान भरडलं जाईन."

दोन पोरं मोटरसायकलकडे निघालीसुद्धा.

शिरीनच्या डोळ्यांसमोर ते चित्र उभं राहिलं. गुराख्याचा भेगाळलेला पाय, तो सुजलेला गुडघा, आणि वरून पहिला हाफ. तिने किल्ली लावणाऱ्या पोराला हाक मारली. "थांबा रे! लावते."

बरं वाटलं सगळ्यांना. पण तिने बोट उगारलं. "माझं पथ्य पाळाल तरच. पाय लागल्यावर मी सांगीन तोवर हा पाय जमिनीले टेकवायचा नाई. बॉल तं दूरच."

"पाळू, पाळू," सगळे म्हणाले.

बाकं दारातून अंगणात आणली, दिव्यानीसकट. शिरीनने चप्पल काढली. पेशंटच्या अंगाला पाय लावायचा म्हणजे तिला अजूनही मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. बापूजींच्या खांद्याचा आधार घेऊन तिने डावा पाय उचलला आणि सुजलेल्या गुडघ्याच्या नुसता वर धरला, टाच टेकली-न टेकली असा, तीनदा. आयाबायांनी हात जोडले. दिव्यानी हात जोडत नव्हती. ती शिरीनच्या तोंडाकडे पाहत होती. शिरीनने नजर दुसरीकडे फिरवली.

आणि मग जादू पाहा. ज्या हरिदास सरांना दोरी आणि गादी कळत नव्हती, तेच सर टाचा उंचावून ओरडले, "पथ्य म्हणजे पथ्य! दिव्यानी आज खेळत नाई. राखीवमधल्या पोट्टीले तयार करा." माइकवर घोषणा झाली, पायाळू डॉक्टरीणबाईंचा पाय लागला, म्हणून दिव्यानी विश्रांती घेत आहे, जोरदार टाळ्या. टाळ्या वाजल्या. शिरीनला हसावं की रडावं ते कळेना. पण चला, खेळणं तर टळलं. इतकी वर्षं पायाने छळलं, आज एका पोरीचा गुडघा वाचवला, असं म्हणून तिने मनाची समजूत घातली आणि गाडीचं विचारलं.

"गाडी कायले?" बापूजी म्हणाले.

"चंद्रपूरले न्यायचं ना, भाऊ. एमआरआय."

"आता कायले?"

शिरीनला वाटलं ते चेष्टा करताहेत. पण बापूजींना चेष्टा येत नव्हती. भागीरथा आजीने समजावून सांगितलं, लहान पोरीला सांगावं तसं. "बाई, पायाळूचा पाय लागला का त्याच्यावर दुसरी दवा चालत नाई. उलटते. तुले मी सांगू? तुझी माय तं दारातच सांगे, आता काई लावू नका म्हणून."

सांगायची. अम्मी खरंच सांगायची, प्रत्येकाला, ओट्यावरून उतरताना. हे आपल्याला कसं आठवलं नाही? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. हिने तर पाय दाखवून करून घेतलं होतं.

"आजी, अवं ते खोटं होतं! तुम्ही माझं ऐकावं म्हून मी पाय लावला. माझ्या पायात काई नाई. नाटक होतं ते!"

लोक हसले. रागाने नाही, कौतुकाने. "पायाळूनं असंच म्हणावं लागते," मघाचा म्हातारा म्हणाला. "गर्व केला का गुण जाते."

"भाऊ, तुम्ही तरी ऐका," तिने बापूजींचा हात धरला. "गुडघ्यात दोरी नसली तं तिचा पाय धुऱ्यावर सटकन, विहिरीवर सटकन. दर खेपेले आतली गादी चिरन."

"महिनाभर पाहू, बाई. नाई उतरलं तं नेऊ मंग. तुमच्या पायावर भरोसा हाये मले."

भरवसा! त्या माणसाच्या चेहऱ्यावर इतका साधा, इतका स्वच्छ भरवसा होता की शिरीनला ओरडावंसं वाटलं. इतक्या वर्षांत कोणी तिच्या हातांवर ठेवला नव्हता तो भरवसा, आणि नको तिथे असा ढिगाने! पथ्य चार दिवस पाळतील, मग ही पोरगी महिनाभर बांधीत ढेकळं तुडवणार. महिन्याने गुडघ्यात वाचवायला काही उरणार नाही. आणि हे सगळं कोणी केलं? सरांनी नाही, गुराख्याने नाही. आपण केलं, या पायाने.

"मॅडम."

दिव्यानी बाकावर उठून बसली होती.

"मी सांगणार होती सगळ्याइले. मी नाई खेळत म्हून. माझी दोरी तुटली म्हून. तुम्ही म्हणल्या, पडून राह्य, मी सांगते." तिने सुजलेल्या गुडघ्याकडे बोट केलं. "तुमच्या हाताले काय लागलं ते मी मानलं होतं. मंग तुम्ही काऊन नाई मानलं?"

एवढ्या गावात एकाच माणसाने शिरीनच्या हातांवर विश्वास ठेवला होता, आणि नेमक्या त्याच माणसाच्या गुडघ्यावर तिने पाय उचलला होता.

"बाबा," दिव्यानी वडिलांकडे वळली, "पाय लागला ना? मंग गुण आला पाह्यजे. पाहा."

तिने पाय खाली सोडले.

"दिव्यानी, नाई!" शिरीन झेपावली.

"कोनी धरू नका मले!"

ती उभी राहिली. एक पाऊल टाकलं, सरळ. गर्दीतून "वा" असा आवाज आला. दुसरं पाऊल टाकलं. मग ती मैदानावर वळली होती तशी डावीकडे वळली, मुद्दाम, सगळ्यांच्या देखत. मांडी एकीकडे गेली आणि नडगी दुसरीकडे. आतून काहीतरी करकरलं, ते पुढच्या ओळीतल्या सगळ्यांना ऐकू आलं. ती कोसळली, आणि या खेपेला किंचाळली. शिरीनचे हात पोचले, पण ती पडल्यावर.

मंडपातलं गाणं तेवढं वाजत होतं.

"पथ्य मोडलं म्हणून—" भागीरथा आजीने सुरुवात केली.

"माय, चूप!" बापूजी म्हणाले. जन्मात पहिल्यांदा ते आईवर ओरडले असतील. त्यांनी पोरीचा पाय पाहिला होता, कसा फिरला ते. खाली वाकून त्यांनी तिला दोन्ही हातांवर उचललं, लहानपणी उचलत तशी. "सर, गाडी आणा. बाई, कोणत्या दवाखान्यात नेऊ ते तुम्ही सांगा. मले कोनाचं काई आयकायचं नाई आता."

हरिदास सर फायनल सोडून स्वतः जीप घेऊन आले. त्यांच्या शर्टाच्या खिशातून शिट्टी तशीच लटकत होती. कोणाशी नजर मिळवत नव्हते.

मूल गाव मागे पडलं, चंद्रपूरचा रस्ता लागला, दोन्ही बाजूंना सागाचं जंगल. बापूजी पुढे सरांशेजारी बसले होते. मागच्या सीटवर दिव्यानी आडवी, तिचा पाय शिरीनच्या मांडीवर, दोन फळ्यांमध्ये बांधलेला. गुडघ्यावर बर्फ धरून शिरीनची बोटं बधिर झाली होती, तरी तिने हात काढला नाही. स्वतःचा इतका राग तिला कधी आला नव्हता. जे आपण तोंडाने ठासून सांगायला हवं होतं, ते या पोरीला गुडघ्याने सांगावं लागलं.

"लय चिडल्या का माझ्यावर?" दिव्यानीने विचारलं.

"तुझ्यावर कायले चिडू? मीच चुकली, बाई. माफ कर मले."

खड्डा आला, दिव्यानीने दात आवळले, खड्डा गेला.

"मॅडम, हात लावून पाहा ना एकदा. मघा पाह्यलं तसं."

"आता नको. दुखन."

"दुखू द्या. पाहा."

शिरीनने बर्फ बाजूला ठेवला. फळ्या सैल केल्या, मांडीखाली हात घातला. पोरीने या वेळी आपणहून मांडी सैल सोडली. शिरीनने डोळे मिटले. नडगी तर सरकलीच, पण सांध्याच्या आतल्या अंगाला, मघा जिथे काही नव्हतं, तिथे बोटांखाली काहीतरी अडकून टचकन उडालं. गादी चिरली होती. दिव्यानीच्या तोंडून आवाज निघाला. बापूजींनी मागे वळून पाहिलं.

"पुढच्या सालचं मैदान?" दिव्यानी म्हणाली. "मघा तुम्ही हो म्हणल्या होत्या."

शिरीनने डोळे उघडले. बाप पाहत होता, लेक पाहत होती, आणि आता दोघंही तिच्या हातांकडेच पाहत होते.

"मघा हो होतं," ती म्हणाली. "आता मले सांगता येत नाई."